कागदावरची तीन अक्षरे

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे तिच्या ऑपरेशनचा कागद मागितला, तर तो बहुतेक वेळा प्लास्टिकच्या एका पिशवीतून निघतो. रेशन कार्ड, आधार कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचे पासबुक आणि या सगळ्यांच्या मध्ये चौघडी करून ठेवलेले डिस्चार्ज कार्ड. घडीवरची शाई पुसट झालेली असते. मजकूर इंग्रजीत आणि अक्षर घाईचे. त्यात ‘टी.ए.एच.’ असे लिहिलेले असते आणि कधी कधी त्याच्या पुढे आणखी तीन अक्षरे असतात, ‘बी.एस.ओ.’ बाईला विचारले की ती दोन शब्दांत सांगते, “पिशवी काढली.” टी.ए.एच. म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढले. तेवढे तिला ठाऊक आहे. बी.एस.ओ. म्हणजे त्याबरोबर दोन्ही अंडाशये आणि त्यांच्या नलिकाही काढल्या. हे तिला बहुधा कुणी सांगितलेलेच नसते.

स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर पाळी, पिशवी, अंगावरून जाणे हे शब्द क्वचित उच्चारले जातात. आजचा विषय स्त्रीच्या शरीरातली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, आणि पाळी जाण्याच्या वयातले आरोग्य हा आहे. त्याची सुरुवात प्रयोगशाळेऐवजी या कागदापासून केली आहे, कारण संप्रेरकांविषयीचे अज्ञान आपल्या राज्यात सर्वांत महाग पडले ते या कागदाच्या मालकिणींना.

२०१९ साली बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाला आणि राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के, म्हणजे तिसात एक, असे आले होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगटही तंतोतंत सारखे नाहीत. तरीही सहा आणि तीस यांच्यातले अंतर पद्धतीच्या फरकाने भरून निघणारे नाही.

या आकड्यामागचे अर्थकारण ऊसपट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत कोपी उभारायची आणि पाच-सहा महिने ऊस तोडून उचल फेडायची. पहाट होण्याआधी फडात उतरायचे. पाचट सोलायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. एखादा दिवस चुकला तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे उचलीवर चढतात. फडात संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीचे कापड धुवायला आडोसा नाही. त्यातून संसर्ग होतो, पांढरे जाते, ओटीपोट दुखते. दवाखान्यात गेले की सोनोग्राफी होते आणि अनेकींना एकच वाक्य ऐकायला मिळते: पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन-तीन मुले झालेली असतात. वय तिशीच्या आसपास असते. पिशवीचे काम झाले, आता ती ठेवून काय करायची, हा युक्तिवाद डॉक्टर, मुकादम, नवरा आणि स्वतः बाई या सगळ्यांनाच पटतो.

हा युक्तिवाद चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे नीट समजायचे तर अंडाशय काय करते ते पाहावे लागते.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांतली चारशे ते पाचशेच काय ती पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची बीजे महिन्यामागून महिना विरत जातात. बाळंतपणे किती झाली, पाळी लवकर आली की उशिरा, याने या ओसरण्याचा वेग फारसा बदलत नाही. सिगारेटने मात्र तो वाढतो.

दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफ.एस.एच. नावाचे संप्रेरक सोडते. त्या हाकेला काही बीजे ओ देतात. प्रत्येक बीजाभोवती पेशींचे वेष्टन असते. ते वाढू लागते आणि इस्ट्राडायॉल तयार करते. इस्ट्रोजेन गटातले हे सर्वांत जोरकस संप्रेरक. रक्तातले त्याचे प्रमाण वाढले की पीयूषिकेला ते कळते आणि ती हाक मंदावते. मग त्यांतले एकच बीज पुढे जाते. ते बाहेर पडल्यावर रिकाम्या वेष्टनाची पिवळसर गाठ होते आणि ती प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते, प्रोजेस्टेरॉन ते स्थिर करते. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत ती गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. पाळी ही या सगळ्या व्यवहाराची बाहेर दिसणारी पावती आहे. आपल्याकडे मात्र त्या पावतीलाच सगळा व्यवहार समजण्याची सवय लागली.

खरा व्यवहार फार दूरवर चाललेला असतो. इस्ट्रोजेनचे संदेश घेणारी ग्राहके हाडांत आहेत, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आहेत, यकृतात, त्वचेत, मूत्रमार्गात, योनीत आणि मेंदूच्या अनेक भागांत आहेत. ग्राहकांचा दुसरा एक प्रकार तर १९९६ मध्ये सापडला, इतके हे ज्ञान ताजे आहे. संप्रेरक हा शब्दही तसा तरुणच म्हणायचा. १९०५ साली लंडनमधल्या व्याख्यानमालेत अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. पाळी जाण्याची नोंद मात्र फार जुनी. पाळी बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीत क्षय पावते असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. ‘मेनोपॉज’ या शब्दाचे मूळ रूप १८२१ मध्ये शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने रूढ केले. नोंद करायला डोळे पुरेसे होते. कारण कळायला रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली.

पाळी एका दिवसात जात नाही. सलग बारा महिने ती आली नाही तर मागे वळून म्हणायचे की रजोनिवृत्ती झाली. भारतीय स्त्रीमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याच्या आधीची चार-पाच वर्षे सर्वांत गोंधळाची असतात आणि त्या वर्षांविषयी एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते की इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत जाते. तसे होत नाही. आधी डगमगते ते प्रोजेस्टेरॉन. बीज बाहेरच पडले नाही तर ती पिवळी गाठ तयार होत नाही. मग प्रोजेस्टेरॉनही नाही. इस्ट्रोजेन मात्र कधी खूप, कधी अगदी थोडे, असे हेलकावे खात राहते. अस्तर वाढत राहते, त्याला आवर घालणारे कुणी नसते, आणि मग दोन-अडीच महिन्यांनी पाळी येते ती रक्ताचे गोळे घेऊनच. दहा-दहा दिवस अंगावरून जाते, हिमोग्लोबिन घसरते. पिशवी काढण्याचा सल्ला सर्वांत जास्त याच टप्प्यावर मिळतो. खरे तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी, किंवा गर्भाशयात बसवलेल्या आणि तिथेच हळूहळू औषध सोडणाऱ्या छोट्या साधनाने हा रक्तस्राव बऱ्याच जणींमध्ये आटोक्यात येतो. त्यात काही गंभीर नाही ना, हे आधी तपासून घ्यावे लागते. काही जणींना शस्त्रक्रिया लागतेच. पण ती उपचारांच्या यादीत शेवटी असायला हवी आणि अनेक ठिकाणी ती पहिली असते.

अचानक येणाऱ्या गरम वाफांविषयी घरोघर बोलले जाते, फार तर हसले जाते. त्यांच्याकडे एकदा जवळून पाहायला हवे. सकाळचे आठ वाजले आहेत. बाई पोळ्या लाटते आहे, डबे भरायचे आहेत. तव्यावरची पोळी उलटायला हात पुढे जातो तोच छातीच्या मधोमध काहीतरी पेटते. ऊब गळ्याकडे चढते, चेहऱ्यावर येते, कानांच्या पाळ्या तापतात. छाती धडधडते. कपाळावर, ओठांच्या वर, मानेच्या मागे, पदराखाली दरदरून घाम फुटतो. ती गॅस बारीक करते, खिडकीशी जाते. दोन-चार मिनिटांत सगळे ओसरते आणि ओल्या पाठीवर वारा लागून तिला हुडहुडी भरते. पोळी तव्यावर करपलेली असते. रात्री हेच दोन-तीनदा होते. पंखा लावायचा, पुन्हा बंद करायचा, झोप मोडलेली ती मोडलेलीच. दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, नाव आठवत नाही, गॅसवर दूध उतू जाते. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच बदलला.

हा स्वभावाचा प्रश्न नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा आहे. तिच्याजवळच चेतापेशींचा एक छोटा गट इस्ट्रोजेनच्या धाकात असतो. इस्ट्रोजेन गेले की या पेशी फुगतात आणि अतिउत्साहाने संदेश पाठवू लागतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात नेओमी रॅन्स यांनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मेंदूंच्या तपासणीत या फुगलेल्या पेशी पाहिल्या. तापमानात एरवी ध्यानातही येणार नाही असा फरक झाला तरी आता मेंदूला वाटते की शरीर तापले, आणि तो घामाचे सगळे नळ सोडतो. या शोधातूनच फेझोलिनेटंट हे संप्रेरक नसलेले औषध निघाले. ते त्या पेशींचा संदेश मधेच अडवते. अमेरिकेत मे २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. यकृतावरच्या परिणामासाठी त्यावर लक्ष ठेवावे लागते, पण ज्यांना इस्ट्रोजेन देता येत नाही अशा अनेक स्त्रियांना त्यामुळे पर्याय मिळाला. ‘थोडे सोसा, वर्षभरात जाईल’ हा सल्लाही आता टिकत नाही. ‘स्वान’ या अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासात वाफांचा त्रास मध्यम मानाने ७.४ वर्षे राहिल्याचे दिसले.

वाफा निदान जाणवतात. हाडांचे नुकसान मात्र चाहूलही न देता होते. हाड हे जन्मभर मोडून पुन्हा बांधले जाणारे घर आहे. काही पेशी जुने हाड कुरतडतात, काही नवे रचतात, आणि कुरतडणाऱ्यांना वेसण घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. वेसण सुटली की पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षे हाड झपाट्याने झिजते, आणि सर्वांत आधी झिजते ते मणक्यातले आणि मनगटाजवळचे जाळीदार हाड. न्हाणीघरात पाय घसरतो, बाई हात टेकवते, मनगट मोडते. पुढे उंची कमी होते, पोक येते, आणि सत्तरीत खुब्याचे हाड मोडले की कित्येक जणी पुन्हा स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत. १९४० च्या सुमारास बोस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट यांनी हे नाते ओळखले. ठिसूळ हाडांच्या त्यांच्या रुग्णांत पाळी गेलेल्या, आणि त्यांतही अंडाशये काढलेल्या स्त्रिया फार होत्या.

लघवीच्या जागेची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना, याविषयी तर बायका मैत्रिणीपाशीही बोलत नाहीत. वाफा पुढे कमी होतात, हा त्रास उपचार न केल्यास वाढत जातो. त्यावर इस्ट्रोजेनचे साधे मलम आहे. ते जागेवरच काम करते, रक्तात फार थोडे उतरते. इतक्या सोप्या उपायापासून इतक्या जणी वंचित असाव्यात, ही या विषयातली सर्वांत टाळता येण्यासारखी गोष्ट आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. त्या पाहणीने जगाला दाखवले की खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे. तिथून पुढचे पाऊल, म्हणजे बाळंतपणाचे वय उलटून गेल्यावरचे आरोग्य, अजून पुरते टाकले गेलेले नाही.

मग गेलेले संप्रेरक बाहेरून देता येते की नाही? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे, आणि त्यात दोनदा मोठी चूक झाली. पहिली अतिविश्वासाने, दुसरी भीतीने.

१९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात मिळवले. कच्चा माल होता गरोदर स्त्रियांची लघवी. पुढे गाभण घोड्यांच्या लघवीतून मिळणाऱ्या इस्ट्रोजेनची गोळी आली आणि १९४२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. ‘प्रेमरिन’ हे तिचे नाव गाभण घोडीच्या मूत्राच्या इंग्रजी शब्दांतूनच जुळवलेले आहे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक निघाले. रजोनिवृत्ती हा कमतरतेचा रोग आहे आणि इस्ट्रोजेनने बाईला कायम तरुण ठेवता येते, असा त्याचा सूर. पुस्तक लाखोंनी खपले. त्याचा खर्च औषध कंपनीने उचलला होता, असे पुढे त्यांच्या मुलानेच सांगितले. बाईच्या वाढत्या वयाला रोग ठरवणे हा तिच्यावरचा अन्याय होता, आणि त्या अन्यायाला लवकरच शारीरिक रूप आले. डिसेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढल्याचे दिसले. कारण आपण आत्ताच पाहिले. वाढणाऱ्या अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन त्या गोळीत नव्हते. तेव्हापासून नियम पक्का झाला. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यायचेच. गर्भाशय नसेल तर त्याची गरज नाही.

दुसरी चूक समजायला थोडा हिशेब करावा लागतो. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतल्या प्रचंड चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या. सरासरी वय ६३. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली. सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, ही चाचणी मधेच थांबवली गेली आणि जगभर बातमी पसरली: संप्रेरकांनी स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो.

आकडा खरा होता. आता दहा हजार बायका एका मोठ्या मैदानावर बसल्या आहेत असे समजा. औषध न घेता वर्षभरात त्यांतल्या ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला असता. औषध घेऊन ३८ जणींना झाला. दहा हजारांत आठ जास्त. त्याच मैदानावर पक्षाघाताच्या आठ, फुप्फुसातल्या गुठळ्यांच्या आठ आणि हृदयविकाराच्या सात घटना जास्त झाल्या. आतड्याचे कर्करोग सहाने आणि खुब्याची मोडलेली हाडे पाचने कमी झाली. हे धोके लहान असले तरी खरे आहेत, कुणी ते झटकून टाकू नयेत. पण हे मैदान मुख्यतः साठी ओलांडलेल्या बायकांचे होते, पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या. हृदय वाचवायला संप्रेरके उपयोगी पडतात का, हे त्या चाचणीला पाहायचे होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी घामाने रात्रभर जागणाऱ्या बाईला काय द्यावे, हा तिचा प्रश्नच नव्हता. उत्तर मात्र तिच्यावरही लादले गेले. अमेरिकेत वर्षभरात या औषधांच्या चिठ्ठ्या एक-तृतीयांशाहून अधिक घटल्या. नव्या डॉक्टरांनी हा उपचार शिकणेच सोडले.

पुढची वर्षे त्याच चाचणीचे धागे उलगडण्यात गेली. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा तिचा एक वेगळा गट होता. त्यांना एकटे इस्ट्रोजेन दिले होते. त्यांच्यात पक्षाघात वाढला, म्हणून २००४ मध्ये तोही भाग थांबवला. पण दीर्घ पाठपुराव्यात याच स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग कमी आढळला. २०१७ मध्ये १८ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांत औषध घेणाऱ्यांचे एकूण मृत्यू जास्त नव्हते. आज वैद्यकाचे मत असे स्थिरावले आहे की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी, त्रास खरोखर असेल तर बहुतेक निरोगी स्त्रियांना या उपचाराचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल वापरले तर गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका होऊन गेलेल्या, यकृताचा चालू आजार असलेल्या स्त्रियांना ते देत नाहीत. कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी तपासणी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचेच, मग औषध चालू असो वा नसो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरचे बहुतेक ठळक चौकटीतले इशारे काढत असल्याचे जाहीर केले. गर्भाशय असताना एकटे इस्ट्रोजेन घेण्याविषयीचा इशारा मात्र ठेवला.

औषधाशिवायही करण्यासारखे पुष्कळ आहे. हाडांवर भार पडेल असे चालणे, जिने चढणे, वजन उचलण्याचा व्यायाम. नाचणी, तीळ, दूध, दही. ऊन. ‘ड’ जीवनसत्त्वाची आणि थायरॉइडची तपासणी, कारण थायरॉइड बिघडले तरी घाम, धडधड, थकवा अशीच लक्षणे दिसतात आणि ती पाळी जाण्याच्या नावावर खपून जातात.

आता पुन्हा त्या कागदाकडे यायला हवे. नैसर्गिकपणे पाळी जाते तेव्हा अंडाशये निवृत्त होतानाही थोडे काम करत राहतात. ती काढली की इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळते. चार-पाच वर्षांत होणारा बदल ऑपरेशनच्या जखमेचे टाके निघण्याआधी होतो. वाफा तीव्र येतात. हाडांची झीज पंचेचाळिसाव्या वर्षाऐवजी बत्तिसाव्या वर्षी सुरू होते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातल्या २९,३८० स्त्रियांचा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढलेल्या स्त्रियांमध्ये, अंडाशये ठेवलेल्यांच्या तुलनेत हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त होते. अंडाशयाचा कर्करोग अर्थातच कमी झाला, पण त्या बचतीपेक्षा तोटा मोठा ठरला. अंडाशये जागेवर ठेवली तरी नुसते गर्भाशय काढल्याने ती काही वर्षे लवकर थकतात, असेही दिसले आहे.

म्हणून चाळिशीच्या आत अंडाशये गेलेल्या स्त्रीला, विशेष अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असा जगभरातला वैद्यकीय सल्ला आहे. तिच्या बाबतीत हे तरुण राहण्याचे औषध नाही, शरीरातून अवेळी काढून घेतलेल्या गोष्टीची भरपाई आहे. २००२ च्या त्या चाचणीची भीती तिला लागू पडत नाही, कारण ती चाचणी तिच्या वयाची नव्हती. तिला गर्भाशय नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. उपचार सर्वांत सोपा तिचा आहे. आणि बी.एस.ओ. लिहिलेला कागद घेऊन फडावर परतलेल्या कितीतरी बायकांना त्याचे नावही कुणी सांगितलेले नसते. त्यांना कंबरदुखीवर वेदनाशामक इंजेक्शन मिळते. वयाच्या पस्तिशीत त्या पंचेचाळिशीच्या दिसतात, मोळी उचलताना कमरेत चमक भरते, रात्री कोपीत उठून बसतात. पिशवी काढल्यावर असे होतेच, असे त्या एकमेकींना समजावतात.

सरकारी पातळीवर काहीच हालले नाही असे नाही. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. हे सगळे पुढच्या शस्त्रक्रियांसाठी आहे. ज्या १३,८६१ जणींची मोजणी झाली, त्यांचे पुढे काय, हा प्रश्न या कागदांवरून मिटत नाही.

त्याचे उत्तर द्यायला मोठे यंत्र लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर बायकांची तपासणी होते, तेव्हा तीन प्रश्न विचारता येतील. ऑपरेशन कितव्या वर्षी झाले? कागद आहे का? त्यावर टी.ए.एच.च्या पुढे आणखी काही लिहिले आहे का? आशा कार्यकर्तीला इंग्रजीतली तीन अक्षरे ओळखता येणे अवघड नाही. ती दिसली आणि बाई पंचेचाळीसच्या आतली असली, तर तिला जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागाकडे पाठवायचे, हाडांचा विचार करायचा, रक्तदाब आणि साखर पाहायची, आणि इस्ट्रोजेनविषयी तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचे. आणि ज्या बाईला उद्या कुणी पिशवी काढायला सांगेल, तिने टेबलावर जाण्याआधी विचारायचे: नेमका आजार कोणता, औषधाने बरा करून पाहिला का, आणि अंडाशये ठेवणार की काढणार?

या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या घरी आई, सासू, मावशी, वहिनी, धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई असतील, ज्यांनी कधीतरी “माझी पिशवी काढली आहे” असे जाता जाता सांगितले असेल. घरी गेल्यावर त्यांना त्यांचा कागद शोधायला सांगा. तो बहुतेक जपून ठेवलेला असतो, पासबुकाच्या शेजारी.